बर्फाचा वापसा

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला 'वापसा' समजावून सांगावा लागत नाही. पाऊस पडून गेला की रानात चिखल होतो. त्यात औत घातले तर बैलांचे पाय रुततात आणि मागे ढेकळे उरतात. फार थांबले तर जमीन टणक होते आणि फाळ शिरत नाही. या दोहोंमधली जी नेमकी वेळ, ती वापशाची. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. पण तो बर्फालाही लागू पडतो हे मला आमच्या काकांनी सांगितले. काका सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून सैन्यात गेले आणि सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी गुलमर्गला स्कीइंग शिकले. मी स्वतः फ्रीजमधला सोडून दुसरा बर्फ अजून पाहिलेला नाही. तरीही हा लेख लिहिण्याचे धाडस करते आहे, कारण काकांनी अनुभवाने सांगितलेल्या गोष्टींची कारणे मला यंदा भूगोलाच्या तासाला सापडली.

गुलमर्गचे कुरण समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंच आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे त्या कुरणापेक्षाही हजार मीटरने ठेंगणे! कुरणाच्या वर अफरवत डोंगर उभा आहे. १९९८ साली गुलमर्गहून कोंगदोरीपर्यंत आणि २००५ साली तेथून अफरवतच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर, रोपवे सुरू झाला. काका तेथे होते तेव्हा हा दुसरा टप्पा नव्हता. वरच्या उतारावर जायचे तर स्की खांद्यावर टाकून चालावे लागे.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलान' म्हणतात. त्या कडाक्याच्या थंडीतला ताजा बर्फ ज्वारीच्या पिठासारखा भुसभुशीत असतो आणि त्यासाठी परदेशांतूनही लोक येतात. पण काकांना विचाराल तर ते मार्चअखेरचे नाव घेतील. तेव्हा दिवस मोठा झालेला असतो, आकाश निळे असते, गर्दी ओसरलेली असते आणि जाड कोट कमरेला बांधून हिंडता येते. शिवाय बर्फही वेगळाच असतो.

तो वेगळा का होतो? दिवसा उन्हाने वरच्या थरातले बारीक कण वितळतात. रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता आकाशाकडे फेकतो आणि पुन्हा गोठतो. हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असले तरी बर्फाचा पृष्ठभाग गोठू शकतो, त्याचे कारण हेच. हे वितळणे-गोठणे रोज चालू राहिले की बारीक कण नाहीसे होतात, त्यांचे पाणी मोठ्या कणांवर गोठते आणि ते कण साबुदाण्यासारखे टपोरे व गोल होतात. इंग्रजी बोलणारे स्कीपटू याला 'कॉर्न स्नो' म्हणतात. आपण दाणेदार बर्फ म्हणू.

पहाटे हे दाणे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. उतार म्हणजे नुसती फरशी! त्यावर पडलेला माणूस थांबत नाही, घसरतच जातो. ऊन वर आले की हळूहळू वरचा इंचभर थर सुटा होतो, पण खालचा थर अजून घट्ट असतो. हाच वापसा. सुटे दाणे स्कीला वळू देतात आणि खालचा थर तोलून धरतो, त्यामुळे नवशिक्यालाही आपण फार हुशार झालो असे वाटते. दुपारी मात्र दाण्यांमध्ये पाणी भरते. पाण्याचा पातळ पापुद्रा स्कीला सरकायला मदत करतो. पण तेच पाणी जास्त झाले की स्कीचा तळ चिकटतो. मनुष्य पुढे जातो आणि पाय मागे राहतात.

ऊन पडल्याबरोबर उतार का सुटत नाही, याचे उत्तर पाठ्यपुस्तकात आहे. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेने एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. म्हणून वाट पाहावी लागते. जाणकार मंडळी सूर्याच्या मागोमाग फिरतात : सकाळी पूर्वेकडचा उतार, मग दक्षिणेकडचा आणि शेवटी पश्चिमेकडचा. रात्र ढगाळ गेली असेल तर ढग पांघरुणाचे काम करतात आणि बर्फ नीट गोठत नाही. अशा दिवशी वापसा येतच नाही. चहा पीत बसावे हे उत्तम. स्वच्छ उन्हातही काळा चष्मा हवाच. बर्फावरून ऊन परत फिरते, त्यामुळे हनुवटीखालची कातडीसुद्धा भाजते आणि उघड्या डोळ्यांना हिमांधत्व येते.

आता धोक्याविषयी. काकांना पंगतीत मांडी घालून बसता येत नाही. डाव्या गुडघ्याला गोळी लागली आहे असे सारे गाव समजते आणि काकांनीही ते कधी खोडून काढले नव्हते. या लेखासाठी मी विचारले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गोळी न्हाई पोरी. एक फेरी जास्त झाली." सुटीचा दिवस होता. सकाळ फार सुरेख गेली होती. बूट घोट्यापर्यंत रुतू लागले होते, म्हणजे थांबण्याची खूण स्पष्ट दिसत होती. तरी काका आणि त्यांचा एक सोबती दुपारी एक वाजता पुन्हा वर गेले. वितळलेले पाणी थरांत मुरले की दाण्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि ओला बर्फ ओल्या सिमेंटसारखा खाली सरकू लागतो. काका कमरेपर्यंत त्यात गाडले गेले. सोबत्याने हातांनी उकरून त्यांना बाहेर काढले. "चूक बर्फाची न्हवती, आमची," असे म्हणून त्यांनी हे छापण्याची परवानगी दिली.

वसंतातल्या बर्फाचे हे वेड काश्मीरपुरते नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या माउंट वॉशिंग्टनवर टकरमन रॅव्हिन नावाची घळ आहे. तेथे आजही लोक वसंतात स्की पाठीवर घेऊन चढतात. १९३९ च्या एप्रिलमध्ये तेथे झालेल्या शर्यतीत टोनी मॅट हा ऑस्ट्रियन तरुण तो भयंकर कडा एकही वळण न घेता सरळ उतरला आणि शिखरापासून पायथ्यापर्यंत साडेसहा मिनिटांच्या आत पोहोचला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मीही एकोणीस वर्षांची आहे, म्हणून ही गोष्ट वाचताना मला अभिमान वाटला. काकांना सांगितली तर ते म्हणाले, "त्यो वाचला म्हणून गोष्ट झाली."

हल्ली हा वापसा चुकू लागला आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलानात गुलमर्गचे कुरण उघडे पडले होते. २०२५ च्या फेब्रुवारीत ठरलेल्या तेथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. हे नुकसान फक्त स्कीपटूंचे नाही. अफरवतचे वितळलेले पाणी निंगल नाल्याने झेलमला मिळते, आणि असल्याच नाल्यांवर खोऱ्यातली भातशेती उभी आहे. उतारावरचा मौसम संपतो तेव्हा खालच्या शेतातला सुरू होतो. बर्फच पडला नाही तर दोन्ही बुडाले.

पुढच्या हिवाळ्यात गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेच्या प्राथमिक वर्गासाठी अर्ज करायचे मी ठरवले आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. त्यामुळे आईला वाटते, एवढे पुरे नाही का? काकांनी मात्र माझ्या बाजूने कौल दिला. फक्त एक अट घातली.

"बाराच्या आत खाली यायचं. सकाळ कितीबी सुरेख असू दे."