प्रत्याघात स्प्रिंग, लहान पिस्तुलातील

स्वयंभरणी पिस्तुलात बार उडाल्यावर मागे रेटली गेलेली स्लाइड (नळीवरील सरकता पोलादी भाग) पुन्हा पुढे आणणारी दाब-स्प्रिंग. स्लाइड मागे जाताना रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते; त्याच वेळी दबलेली स्प्रिंग नंतर प्रसरण पावून स्लाइड पुढे लोटते व नवे काडतूस नळीच्या कोठीत बसविते.

जॉन ब्राउनिंग यांनी अभिकल्पिलेल्या व बेल्जियममध्ये तयार झालेल्या १९०० च्या ७·६५ मिमी. पिस्तुलात ही स्प्रिंग नळीच्या वर होती व आघातकालाही तीच चालना देई. त्यांच्याच १९१० च्या नमुन्यात, तसेच १९३१ च्या जर्मन वॉल्थर पीपीके पिस्तुलात ती नळीभोवती बसविलेली आहे. त्यामुळे पिस्तूल आटोपशीर झाले.

झीज : लहान पिस्तुलात स्लाइड हलकी व तिचा प्रवास आखूड असतो. म्हणून ताठ स्प्रिंग थोड्या जागेत बसवावी लागते व प्रत्येक बाराला ती जवळजवळ पूर्ण दाबली जाते. तारेतील प्रतिबल वाढते. वारंवार दाबली गेल्याने स्प्रिंग कायमची आखूड होते अथवा धातूच्या शिणवट्यामुळे तुटते. साहजिकच मोठ्या पिस्तुलातील स्प्रिंगपेक्षा तिचे आयुष्य कमी असते. काही आधुनिक लहान पिस्तुलांत एकात एक बसविलेल्या दोन स्प्रिंगा वापरून हा भार विभागतात.

लक्षणे : स्लाइड पूर्ण बंद न होणे, पुंगळ्या नेहमीपेक्षा दूर पडणे व स्लाइडचे सांगाड्यावर जोराने आदळणे ही स्प्रिंग दुर्बल झाल्याची लक्षणे होत. स्लाइड अर्धवट उघडी राहिल्यास सामान्यतः बार उडत नाही; म्हणजे ऐन गरजेच्या वेळी शस्त्र निरुपयोगी ठरते. मात्र मळ, सुकलेले वंगण किंवा सदोष काडतूस यांमुळेही असे घडू शकते. म्हणून प्रथम साफसफाई करून पाहतात.

बदल : जुनी स्प्रिंग त्याच नमुन्याच्या नव्या स्प्रिंगशेजारी ठेवल्यास आखूडपणा लक्षात येतो. ती ताणून लांब केल्याने गेलेली ताकद परत येत नाही. अधिक ताठ स्प्रिंगही इष्ट नाही. तीमुळे स्लाइड पुरेशी मागे जात नाही व पुंगळी अडकते. म्हणून निर्मात्याने ठरविलेल्या ताकदीचीच स्प्रिंग, बारांची नोंद ठेवून व शक्यतो बिघाडापूर्वीच, बदलणे श्रेयस्कर असते. तत्पूर्वी काडतूस पेटी काढून कोठी रिकामी असल्याची खात्री करणे अत्यावश्यक असते.