नित्य वापरासाठी सुगंध : मोगरा की सोनचाफा?

दिनचर्येत गंधमाल्यधारणाला चरकाचार्यांनी मानाचे स्थान दिले आहे. ते वृष्य, आयुष्य, बलप्रद आणि मन प्रसन्न करणारे आहे, असे सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. परंतु रोज कोणता सुगंध वापरावा, असे रुग्णाने विचारले की आपण सहसा 'जो आवडेल तो' असे सांगून मोकळे होतो. प्रस्तुत लेखकाकडूनही अशीच चूक झाली.

तलासरीहून येणाऱ्या एका पित्तप्रकृतीच्या शिक्षिकेस ऐन वैशाखात मोगऱ्याचे अत्तर सुचविले. मोगरा थंड, हा लोकसमज त्यामागे होता. आठवड्याने त्या कानामागे लाल चट्टे आणि दाह घेऊन परतल्या. अत्तर बंद करताच त्रास शमला. त्यानंतर निघंटू उघडला.

भावप्रकाशात मल्लिका, म्हणजे मोगरा, उष्ण व लघु सांगितली आहे. चंपक, म्हणजे सोनचाफा, हिम आहे. हे गुण द्रव्याचे आहेत, केवळ गंधाचे नव्हेत. म्हणून त्यांकडे दिशादर्शक म्हणूनच पाहावे. तरीही डहाणूच्या किनाऱ्यावरील दमट उष्म्यात, ग्रीष्म व शरद ऋतूंत, पित्तप्रकृतीस सोनचाफा अधिक मानवेल असे वाटते. मोगरा हेमंत-शिशिरातील सायंकाळी शोभतो. सोनचाफ्याचा गंध मात्र तीव्र असतो. अर्धशिशी व श्वासाच्या रुग्णांस तो मोजकाच द्यावा, त्रास होत असल्यास वर्ज्य करावा.

दोष केवळ फुलाचा नसतो, हेही ध्यानी घ्यावे. कनौजच्या परंपरेत देग-भपक्याने फुलांचा अर्क चंदनतेलात उतरवितात. चंदनतेलाचा भाव पाहता शे-दीडशे रुपयांच्या कुपीत ते असणे शक्य नाही. तेथे द्रव पॅराफिन किंवा डायइथाइल थॅलेट असते आणि 'मोगरा' बहुधा बेंझिल ॲसिटेटसारख्या कृत्रिम रसायनांतून येतो. शिवाय मोगऱ्याच्या कुळातील फुलांचा अस्सल अर्कही काहींच्या त्वचेस सोसत नाही. शिक्षिकेच्या कुपीवर घटकांचा उल्लेखच नव्हता, आणि मीही तो विचारला नव्हता.

म्हणून औषधविक्रेत्या बंधूंना विनंती, की ज्या कुपीवर आधारद्रव्य, निर्माता व तारीख नाही ती ठेवू नये. वैद्यांनी प्रकृती व ऋतू विचारावा, कोपराच्या आतील बाजूस एक थेंब लावून दोन दिवस निरीक्षण करण्यास सांगावे आणि नंतरही अत्तर त्वचेऐवजी शक्यतो कापसाच्या बोळ्यावर घेण्याचा सल्ला द्यावा.

आणि अत्तरच हवे असे तरी कोठे आहे? जव्हार-विक्रमगडच्या आदिवासी शेतकऱ्यांचा मोगरा व वसईचा सोनचाफा रोज दादरच्या फूलबाजारात जातो. शास्त्रातील 'माल्य' हेच होय. ज्यांच्या त्वचेस अत्तर सोसत नाही, त्यांनी ओंजळभर ताजी फुले उशाशी ठेवावीत.