आकडा व त्याचें मूळ

मूळ कागद दाखविल्याविना केलेलें विधान संशोधक मानीत नाहींत; मग आकड्यास व आलेखास निराळा न्याय कां? ऑकलंड येथें रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं निर्मिलेल्या ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेंत यास उपाय आहे. फ्रीडरिश लाइश यांनीं २००२ सालीं मांडलेल्या ‘स्वीव्ह’ या साधनानें गद्य व गणिताच्या आज्ञा एकाच संहितेंत लिहितां येतात. ती चालविली कीं कोष्टकें व आलेख जागच्या जागीं उमटतात. पोथ्यांच्या यादींतील एखादा शक सुधारला, तर संहिता पुन्हां चालवितांच शतकवार आलेखही सुधारतो. नकलेंतील लेखकप्रमाद टळतो. मात्र साधनही पालटतें: २०२० सालच्या ४.०.० आवृत्तींत ‘आर’नें कोष्टकांतील शब्द वाचण्याचा पूर्वनियम बदलला. यास्तव नोंदी, संहिता व आवृत्तीचा क्रमांक हीं तिन्ही जपावीं. तरच पुढील संशोधकास आमचें फल पडताळतां येईल.