वजनकाट्याला न दिसणारा धोका

जागतिक मधुमेह दिन आला की ‘दहा कोटी मधुमेही’ हा आकडा पुन्हा मथळ्यांत येतो. तो ‘आयसीएमआर-इंडियॅब’ पाहणीचा आहे. २००८ ते २०२० या काळात १ लाख १३ हजार लोक तपासले, त्यांत ११.४ टक्क्यांना मधुमेह निघाला. आपल्या शेजारच्या गोव्यात तर हे प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के. पण मला जास्त अस्वस्थ करणारा आकडा दुसऱ्याच पाहणीत आहे.

मुंबईतल्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण’ करते. बाळंतपण, लसीकरण यांची ही पाहणी चौथ्या फेरीपासून रक्तदाब आणि साखरही मोजू लागली. घाई नाही: रक्तदाब पाच-पाच मिनिटांनी तीनदा घ्यायचा, साखरेसाठी बोटाला सुई टोचायची. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत त्यात साधी टेपही आली, कंबर आणि नितंबांचा घेर मोजायला.

या टेपने चित्रच पालटलं. उंची-वजनाच्या हिशोबात, म्हणजे बीएमआयनुसार, देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा स्थूल ठरतात. कंबर-नितंबांच्या प्रमाणात मात्र ५७ टक्के स्त्रिया आणि ४८ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेपलीकडे जातात. म्हणजे काट्यावर ‘नॉर्मल’ ठरलेल्या कितीतरी जणांच्या पोटावर चरबी साठली आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे कित्येक वर्षं सांगत आले आहेत. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही त्यांना हेच दिसलं: वजन कमी, हातपाय बारीक, पण चरबी टिकून. म्हणजे मधुमेहाची मुळं आईच्या पोषणापर्यंत जातात. ‘खाण्यावर ताबा ठेवा’ एवढाच उपदेश करून सरकारला मोकळं होता येणार नाही.

एवढी मेहनतीने जमवलेली माहिती अहवालात पडून राहू नये. गावोगावच्या आरोग्य शिबिरांत वजनकाट्याशेजारी टेप हवीच. आणि तुम्ही शिबिराची वाट पाहू नका. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या, स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर वजन कितीही असो, साखर आणि रक्तदाब याच आठवड्यात तपासून घ्या.