युरोपीय माणूस जात्यापाशी का बसत नाही?
लेखमाला : गाणं गावाचं – भाग नववा

पुण्यात युरोपीय माणूस दुर्मीळ नाही. मॉडेल कॉलनीत अय्यंगारांची योगसंस्था १९७५पासून आहे. तिथे परदेशी विद्यार्थी मुक्काम ठोकून असतात. कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम १९७४ साली आला आणि गोऱ्या माणसाकडे वळून बघायची पुणेकरांची सवय मोडली. चाकणला २००९पासून जर्मन मोटारी तयार होतात. सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर मांडी घालून बसलेली चार परदेशी मंडळीही दिसतात. पण हाच माणूस खंडोबाच्या जागरणात, दिंडीतल्या भजनात, तमाशाच्या फडासमोर किंवा भोंडल्याच्या फेरात शोधून पाहा. सापडलाच तर कॅमेरा घेऊन कडेला उभा असेल.

याचं एक तयार उत्तर आपल्याकडे असतं. त्यांना रागदारी भावते, आपलं रांगडं गाणं त्यांना झेपत नाही. मला ते पटत नाही. मराठी लोकगीतं जपण्याच्या इतिहासात युरोपीय माणसं संख्येनं थोडी असली तरी त्यांचं काम मोठं आहे. त्यांचे पूर्ववृत्तांत जरा तपासले की दिसतं, गाण्यासाठी म्हणून त्यांतलं जवळजवळ कुणीच आलेलं नव्हतं.

सगळ्यांत आधीचे फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला तो धर्मप्रसारासाठी. इथल्या लोकांच्या कानाला ओवीचं वळण आहे हे त्यानं हेरलं आणि ख्रिस्ताची कथा ओवीतच रचली. १६१६ साली छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचं आहे. ही ग्रंथातली ओवी, जात्यावरची नव्हे. पण तिच्यासाठी त्याला आधी मराठी भाषा आत्मसात करावी लागली. दुसरे हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ, सनदी अधिकारी आणि मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर त्यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि १८९४ साली त्यांतल्या काही पोवाड्यांचं इंग्रजी पद्यरूप काढलं. त्यांचं मूळ काम होतं कारभार.

गुंथर सोंथायमर हे हायडेलबर्गचे जर्मन पंडित. त्यांचा मूळ विषय हिंदू कायदा, त्यातही एकत्र कुटुंब. धर्मशास्त्राच्या पोथ्यांतून हा माणूस थेट धनगरांच्या वाड्यावर पोचला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवरचं त्यांचं जर्मन पुस्तक १९७६ साली आलं. त्यासाठी त्यांनी धनगरी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. या ओवीत गायलेला भाग आणि गद्यात सांगितलेली कथा आलटून पालटून येतात. १९९२ साली सोंथायमर गेले. त्यांनी जमवलेल्या ओव्यांतल्या दोन दीर्घ कथा पुढे ॲन फेल्डहाउस यांनी इंग्रजीत आणल्या, रामदास आतकर आणि राजाराम झगडे यांच्या साथीनं.

चौथे गी पॉइटवाँ. फ्रान्समधून १९७२ साली भारतात आले, पुण्यात स्थिरावले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. हेमा राईरकर यांच्याबरोबर ते मुळशीच्या डोंगरी भागात संघटनेचं काम करत होते. बैठकांमध्ये बायका बोलत नसत, पण ओवी म्हणायची वेळ आली की नवरा, सासर, बापाचं घर, उपाशी पोट, सगळं त्यांच्या तोंडून येई. त्या ओव्या टिपून घ्यायला सुरुवात झाली आणि बघता बघता मोठा संग्रह उभा राहिला. आज त्यात हजारावर गावांमधल्या एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, गाणाऱ्या बाया तीन हजारांहून जास्त. संगणक आणि संगीत या दोन्हींचे जाणकार असलेले बर्नार्ड बेल त्यात आले ते नव्वदच्या दशकात. तबल्याच्या बोलांवर संगणकाचं काम केलेल्या या फ्रेंच माणसानं ओव्यांचं शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण केलं. २०१७पासून हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’मार्फत लोकांसमोर येतो आहे.

रस्ता सगळ्यांचा साधारण सारखाच. आधी दुसरंच काम, त्या कामापायी मराठी, मराठीमुळे माणसं, आणि माणसांच्या घरात शिरल्यावर गाणं. मधली पायरी गाळून थेट गाण्यापाशी पोचलेला युरोपीय मला तरी या यादीत दिसत नाही. ख्याल शिकायला मराठी लागत नाही. बंदिशी बऱ्याचशा ब्रज-हिंदीत, आणि गुरू इंग्रजीतून समजावतात. ओवीत शब्द गेले की उरतं काय? जात्याची घरघर आणि चार-पाच सुरांचा फेरा. तो ऐकायला गोड आहे, पण त्याच्यापायी कुणी आयुष्य घालवणार नाही. भावासाठी केलेल्या ओवीतला भाऊ कळला तरच ती लागते.

चाकणच्या जर्मन इंजिनिअरला आज मराठीची गरज पडत नाही. कारखान्यात इंग्रजी, सोसायटीत हिंदी, भाजीवाल्याकडे बोटं. सोंथायमरांना ती गरज होती. उलट दिशेची वर्दळ मात्र जोरात आहे. पुण्यातली मुलं मॅक्सम्युलर भवनात आणि रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रांगा लावून जर्मन शिकतात. या देवघेवीत तोटा कुणाचा, याचा हिशेब मी ठेवत नाही. पण ती एकतर्फी आहे, हे दिसतं.

इथे एक शंका येईल. मग अमेरिकन कसे दिसतात? मराठी संतसाहित्य, कीर्तन, लोकदैवतं, दलित चळवळ यांवर काम केलेल्या परदेशी अभ्यासकांत अमेरिकन नावं खूपच जास्त आहेत: एलिनॉर झेलियट, ॲन फेल्डहाउस, राष्ट्रीय कीर्तनावर लिहिणाऱ्या ॲना शुल्ट्झ. त्यांना गाणं जास्त आवडतं म्हणून असं झालं नाही. मामला पैशांचा आणि संस्थांचा होता. १९५४च्या पीएल-४८० कायद्यानुसार अमेरिकेनं भारताला धान्य दिलं, त्याची किंमत रुपयांत घेतली आणि ते रुपये इथेच साठत गेले. त्या साठ्यातून अमेरिकन विद्यापीठांच्या अभ्यासकांना भारतात राहण्याचा खर्च मिळू लागला. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज १९६१ साली सुरू झाली, तिचं पहिलं ठाणं पुण्यात. मराठीचे वर्ग तिथेच भरले. नाझिर जयराझभॉय यांनी तिच्या छत्राखाली १९८२ साली संगीताचं ध्वनिसंग्रहालय काढलं, तेही पुण्यातच. पुढे ते दिल्लीकडे गेलं. साठच्या दशकात रेशनच्या दुकानात आपल्या आज्या ज्या लाल गव्हाला नाकं मुरडत होत्या, त्या गव्हाच्या पैशातून कुणी तरी मराठीची बाराखडी गिरवत होतं. मला ही गंमत फार आवडते.

युरोपकडे असा रुपयांचा साठा नव्हता. होत्या त्या तुरळक जागा. लंडनला इयन रेसाइड मराठी शिकवत, हायडेलबर्गला सोंथायमर होते, पॅरिसला शार्लोत वोदव्हिल हरिपाठावर लिहीत होत्या. एका माणसाभोवती एक विषय उभा राही आणि तो माणूस गेला की त्याची जागा भरेलच याची खात्री नसे.

भाषा आली, पैसा आला, तरी आणखी एक अडचण उरते, आणि ती आपल्या गाण्याच्या घडणीतच आहे. ख्यालाला गुरू असतो, रियाज असतो, परीक्षा असतात, मैफल असते. रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात बासरीचा विद्यार्थी हरिप्रसाद चौरसियांच्या विभागात दाखल होऊ शकला. जात्यावरच्या ओवीचा वर्ग कुठे भरवणार? ती पहाटेची, दोघींनी खुंटा धरून दळतानाची. एकीनं म्हणायची, दुसरीनं उचलायची, मधेच मूठभर धान्य वैरायचं. पुरुषाला तिथे जागा नाही, मग तो पुण्याचा असो की पॅरिसचा. म्हणूनच मुळशीत ओव्या गोळा करण्याचा मोठा वाटा गावातल्याच कार्यकर्त्या बायकांनी उचलला. कोळवड्याच्या ताराबाई उभे आणि नांदगावच्या कुसुमताई सोनवणे स्वतः गातात, इतरजणींना गातं करतात. पॉइटवाँ त्या वेळी कागदांवर वाकलेले असावेत, असं मी समजतो.

गोंधळ घालायला गोंधळ्याच्या घरचाच असावा लागतो. वाघ्याला खंडोबाशी नवसाचं नातं लागतं. तिथे फी भरून प्रवेश मिळत नाही. वारीतलं भजन याला अपवाद. दिंडीत टाळ हातात घेऊन कुणीही पाय उचलावा, चुकला तर शेजारचा सावरून घेतो. सोंथायमरांनी १९८९च्या सुमारास वारीवर चित्रपट केला, ही निवड मला अगदी योग्य वाटते. परक्याला आत शिरायला आपल्या लोकपरंपरेतलं सगळ्यांत रुंद दार तेच आहे.

आता युरोपकडूनही पाहू. तिथे लोकगीताची आवड नाही असं म्हणणं हास्यास्पद ठरेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस हर्डरनं लोकगीतांचे संग्रह छापले. फिनलंडमध्ये लोनरॉटनं १८३५ साली गायकांकडून मिळालेल्या गीतांतून ‘कालेवाला’ सिद्ध केलं. बार्टोक आणि कोडाई १९०६पासून हंगेरीच्या खेड्यांत ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन हिंडले. सेसिल शार्पनं १९०३ साली सॉमरसेटच्या एका खेड्यात माळ्याच्या तोंडून पहिलं गाणं टिपलं. पण या सगळ्या खटाटोपात एक ठाम समजूत होती. लोकगीत म्हणजे आपल्या लोकांचं गाणं, आपल्या देशाची ओळख. ज्याला त्याची ओढ लागते तो आधी आपल्या आजोळी जातो. आयरिश तरुण गावच्या पबमध्ये फिडल घेऊन बसतो, स्वीडिश तरुण उन्हाळ्यातल्या वादकमेळाव्याला जातो. त्याची तहान तिथेच भागते. मुळशीची वाट तो का धरील? आणि आपण तरी कुठे बल्गेरियन कापणीची गाणी ऐकायला जातो?

शिवाय मोजणीच मुळात कच्ची आहे. पॉइटवाँ भारताचे नागरिक झाले, म्हणजे युरोपीयांच्या रकान्यातून त्यांचं नाव खोडायचं का? लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासून आहे. त्या शहरात जन्मलेली, ब्रिटिश पारपत्राची एखादी मराठी मुलगी गणेशोत्सवात लेझीम खेळली तर ती कुठल्या रकान्यात? घरात आजी असेल तर तिला दोन-चार ओव्या येतही असतील, हायडेलबर्गच्या पदवीधराला येतात त्याहून जास्त. आजी नसेल तर कोथरूडच्या तिच्या मावसबहिणीइतक्याच, म्हणजे एकही नाही. जातं आता कोथरूडमध्येही नाही. असलंच तर फ्लॅटच्या बाल्कनीत कुंडीखाली. पिठाची गिरणी आली आणि ओवीचा प्रसंग गेला, तो जन्मानं मराठी असणाऱ्यांसाठीही गेला. युरोपीय कमी का, असं विचारताना शेजारच्या रकान्यात पुणेकर किती, हेही एकदा लिहून पाहावं.

पुढच्या आठवड्यात धनगरी ओवीतल्या गद्य कथेकडे वळू. गायलेल्या भागाइतकीच ती महत्त्वाची आहे, पण ध्वनिफितीवर ऐकताना लोक ती हमखास पुढे सरकवतात.