संगणकाचे कुलूप आणि गिऱ्हाइकाचा हक्क



कामगार चळवळीतला माणूस संगणकावर बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. संगणकशास्त्र मी शिकलेलो नाही. जे थोडेफार समजले ते ठेच लागल्यावर, विचारून आणि वाचून समजले. तेव्हा आज मी तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर फसलेला गिऱ्हाईक म्हणून आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम हकीकत सांगतो. आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुना संगणक होता. औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगारांची सभासद-नोंद त्याच्यावर असे. १४३ नावे, त्यांचे फोन नंबर आणि प्रत्येकापुढे कंत्राटदाराचे नाव. कंत्राटी कामगाराला कामावरून काढायला नोटीस लागत नाही; 'उद्यापासून येऊ नकोस' एवढे तीन शब्द पुरतात. म्हणून संघटना पुरेशी बळकट होईपर्यंत ही नावे आम्ही कोणालाही दाखवत नाही. ही यादी म्हणजे १४३ चुली, असे आम्ही समजतो.

या काळजीपोटी २०२२ साली मी माझ्या कार्डावर एक सॉफ्टवेअर विकत घेतले. वर्षाला १,८९९ रुपये. पुसलेली फाइल कायमची नष्ट करू, संगणकावर तुमचा मागमूस राहू देणार नाही, असे त्याचे आश्वासन होते. दर शनिवारी आम्ही ते चालवीत असू आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'आपला संगणक पूर्ण सुरक्षित आहे' असे उमटे. ते हिरवे अक्षर पाहून मी निर्धास्त घरी जात असे. पुढच्या वर्षी तेवढीच रक्कम आपोआप कापली गेली, त्याच्या पुढच्या वर्षीही.

२०२४ साली नवा संगणक आला. यादी त्याच्यावर घेतली, जुन्यावरची त्या सॉफ्टवेअरकडून पुसून घेतली, हिरवे अक्षर पाहिले आणि जुना संगणक साडेचार हजारांना जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला दिला. व्यापाऱ्याने त्याच्यावर नव्याने विंडोज घातले आणि तो डिप्लोमाच्या एका विद्यार्थ्याला विकला. तीन आठवड्यांनी तो मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन कचेरीत आला. म्हणाला, "काका, फुकट मिळणारा एक प्रोग्रॅम घेऊन मी सहज पाहत होतो, जुन्या डिस्कवर काही उरलं आहे का म्हणून. हे तुमचंच असावं." पेन ड्राइव्हवर आमची यादी होती. एकदा नव्हे, तीनदा. तीन निरनिराळ्या महिन्यांतली.

मुलगा सज्जन होता, हे आमचे नशीब. पण नशिबावर संघटना चालत नाही.

आता हे घडले कसे, ते पाहू. आपल्या नगरवाचनालयाचे उदाहरण घ्या. समजा, एक पुस्तक वाचनालयातून काढून टाकायचे आहे आणि ग्रंथपालाने सूचीच्या खणातले त्याचे कार्ड तेवढे काढून फाडले. पुस्तक मात्र कपाटात जागच्या जागी आहे. सूचीत शोधणाऱ्याला ते सापडणार नाही. पण कपाटाशी जाऊन एकेक पुस्तक हातात घेणाऱ्याला ते खात्रीने सापडेल. संगणकावर फाइल 'डिलीट' करणे म्हणजे हे कार्ड फाडणे. 'ही जागा आता मोकळी आहे' एवढीच नोंद होते. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तसाच राहतो. नव्याने विंडोज घालताना जे झटपट फॉरमॅट करतात, त्यात साऱ्या सूचीचा खण बदलतो, कपाटे बहुतांशी तशीच राहतात.

हे कोणा एकाच्या बाबतीत घडते असे नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतले सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोघांनी २००० ते २००२ या काळात बाजारातून १५८ जुन्या डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या. आणि त्या १२९ मध्ये नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. बाकीच्यांवर लोकांची पत्रे, क्रेडिट कार्डांचे नंबर, आजारपणाच्या नोंदी सापडल्या. २००३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

मग मजकूर खरोखर नष्ट कसा करावा? फिरत्या तबकडीची जुनी डिस्क असेल तर तिच्या साऱ्या जागेवर दुसरे काही लिहून. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेची २०१४ सालची मार्गदर्शिका सांगते की, अलीकडच्या अशा डिस्कवर एकदा संपूर्ण लेखन झाले तरी सामान्यतः पुरे. आमच्या सॉफ्टवेअरचे आश्वासन हेच होते. परंतु यात दोन खाचा आहेत. एक म्हणजे, आपण यादीत नवे नाव घालून ती 'सेव्ह' करतो तेव्हा पुष्कळदा नवी प्रत दुसऱ्या जागी लिहिली जाते आणि जुनी प्रत मोकळ्या ठरलेल्या जागेत पडून राहते. दुसरी, संगणक स्वतःच अधूनमधून मागच्या स्थितीची प्रत राखून ठेवतो. म्हणजे डोळ्यांपुढची एक फाइल पुसून भागत नाही. तिची भावंडे शोधावी लागतात.

त्या मुलाने आमच्यासमोर परीक्षाच घेतली. आमच्या वर्गणीची मुदत अजून होती. दुसऱ्या एका संगणकावर तेच सॉफ्टवेअर घालून त्याने खोट्या नावांची एक यादी केली, तीन वेळा बदलून सेव्ह केली आणि सॉफ्टवेअरला ती पुसायला सांगितले. हिरवे अक्षर आले. पंधरा मिनिटांत त्याने दोन जुन्या प्रती बाहेर काढल्या. मग सॉफ्टवेअरची स्वतःची नोंदवही उघडून दाखविली. तीत स्पष्ट लिहिले होते की, मोकळी जागा पुसण्याचे काम परवानगीअभावी झाले नाही. म्हणजे काम फसल्याचे त्या प्रोग्रॅमला ठाऊक होते. ते त्याने स्वतःच्या वहीत लिहिले आणि गिऱ्हाइकाला मात्र हिरवे अक्षर दाखविले!

मला राग आला तो इथे. यंत्रात दोष असू शकतो. गिरणीतला माग बिघडतो तसा प्रोग्रॅमही बिघडेल. परंतु बिघडलेला माग थांबतो तरी. हा बिघडलेला माग कापड विणल्याची पावती देत होता.

मी कंपनीला लिहिले. उत्तर आले, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.' पुन्हा लिहिले, पुन्हा आभार. तिसऱ्या पत्राला उत्तर म्हणून करारातले एक कलम आले: वस्तू 'जशी आहे तशी' दिली आहे, परिणामांची जबाबदारी कंपनीवर नाही. विकताना कायमचे नष्ट करण्याची हमी आणि तक्रार करताना जशी आहे तशी!

असे अनुभव मोठमोठ्या देशांतल्या गिऱ्हाइकांनाही आलेले आहेत आणि तिथल्या सरकारी चौकशीत ते सिद्धही झाले आहेत. दोन उदाहरणे देतो.

पहिले, अमेरिकेतील ऑफिस डेपो या दुकानसाखळीचे. २००९ ते २०१६ या काळात तिथे गिऱ्हाइकाचा संगणक फुकट तपासून देत. तपासणीचा प्रोग्रॅम सपोर्ट डॉट कॉम या कंपनीचा होता. सुरुवातीला गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारीत: संगणक हळू चालतो का, मध्येच बंद पडतो का, अशा प्रकारचे. एकाला जरी 'होय' म्हटले, तरी संगणकात घातक प्रोग्रॅम शिरल्याची लक्षणे आहेत असा निकाल यायचा. मग तपासणीत काहीही आढळो. त्या भीतीवर शेकडो डॉलरांची दुरुस्ती विकली जाई. २०१९ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड होऊन दोन्ही कंपन्यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरले. यातली एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. दुकानातल्या कर्मचाऱ्यांनी २०१२ पासूनच वरिष्ठांकडे तक्रारी केल्या होत्या की, हे आमच्याकडून गिऱ्हाइकाशी खोटे बोलविणे आहे. त्या ऐकल्या असत्या तर चार वर्षांची फसवणूक टळती. विक्रीच्या ओझ्याखालचा नोकर आणि काउंटरपलीकडचा गिऱ्हाईक हे पुष्कळदा एकाच चरकातले ऊस असतात.

दुसरे उदाहरण अवास्ट या कंपनीचे. १९८८ साली प्रागमध्ये दोन संशोधकांनी हिची सुरुवात सहकारी संस्था म्हणून केली. पुढे तिचे विषाणूरोधक सॉफ्टवेअर जगभर, आपल्याकडेही घरोघर गेले. 'इंटरनेटवर तुमची पाळत ठेवणाऱ्यांना आम्ही रोखतो' असे ती सांगत असे. २०२० च्या जानेवारीत पत्रकारांनी उघडकीस आणले की, कोण कोणती पाने पाहतो याची माहिती हीच कंपनी गोळा करून जम्पशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकत होती. उपकंपनी लगेच बंद झाली. तथापि चौकशी चालू राहिली. २०१४ पासून २०२० पर्यंत शंभराहून अधिक खरेदीदारांना ही माहिती गेली, असे फेडरल ट्रेड कमिशनचे म्हणणे. नावे काढून टाकल्याचे कंपनी सांगे. परंतु प्रत्येक संगणकाला एक कायमची खूण जोडलेली असे. कोणत्या आजाराची, कोणत्या धर्माची, कोणत्या कर्जाची पाने एकच माणूस पाहतो हे एका खुणेखाली ओळीने लिहिले, की नाव शोधणे कठीण राहत नाही. २०२४ साली कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यास मनाई झाली. त्याच वर्षी चेक प्रजासत्ताकानेही ३५ कोटी १० लाख क्राउनचा दंड केला.

तेव्हा दोषाच्या तीन जाती झाल्या. आमचे कुलूप लागतच नव्हते. दुसरा कुलूपवाला चोराची खोटी आवई उठवून कुलूप विकत होता. तिसऱ्याने कुलूप तर विकले, पण खिडकीतून आत पाहून आपल्या घरातली हकीकत बाजारात विकली. तिघांचेही मूळ एकच: माल पारखण्याचे साधन गिऱ्हाइकाच्या हाती नाही. भाजी आपण हाताळून घेतो. वजनाच्या बाबतीत आपला डोळा अपुरा पडतो, म्हणून सरकारने वजनमापांवर शिक्का मारण्याची पद्धत ठेवली. १९५८ पासून किलोग्रॅमची वजने आली तेव्हाही शिक्का राहिला आणि आज २००९ च्या कायद्यानुसारही तो आहे. पावशेर मिरचीच्या तराजूवर शिक्का लागतो आणि १४३ कुटुंबांची भाकरी ज्याच्यावर तोलली जाते, त्या प्रोग्रॅमवर कोणाचाही शिक्का नाही!

तरी गिऱ्हाईक अगदीच निःशस्त्र आहे असे समजू नका. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात निर्णय दिला की, बाजारात मिळणारे तयार सॉफ्टवेअर विक्रीकराच्या दृष्टीने 'माल' आहे. कर घेताना जो माल, तो विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने का नसावा? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून अमलात आला. सदोष वस्तू, सेवेतील त्रुटी आणि अन्याय्य करार या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. विक्रेत्याच्या शहरी जावे लागत नाही. मुदत दोन वर्षांची. आणि ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. वर्गणी बंदच करता येऊ नये अशी रचना आणि विषाणूची खोटी भीती दाखवून उपाय विकणे, या दोन्ही त्या यादीत आहेत. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेविषयीही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. निदान चोवीस तास आधी सूचना मिळाली पाहिजे. तो संदेश मला आला होता. मी वाचला नव्हता, हा दोष माझा.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविली. विद्यार्थ्याने केलेली परीक्षा आम्ही पडद्याच्या छायाचित्रांसह लिहून ठेवली होती, ती जोडली. सव्वा महिन्याने शेवटच्या वर्षाचे पैसे परत आले. दोष मात्र कंपनीने कबूल केला नाही. म्हणून माझे सांगणे हे की, तक्रार करताना रागाचे वर्णन थोडे आणि पुरावा पुष्कळ द्यावा. काय आश्वासन होते, कोणत्या तारखेला काय केले, काय घडले, एवढेच लिहावे.

आणि खबरदारी आपणही घ्यावी. नाजूक मजकूर पहिल्या दिवसापासून सांकेतिक स्वरूपात, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवावा. मग डिस्क परक्याच्या हाती पडली तरी किल्लीवाचून तो वाचता येत नाही. आजच्या चिप असलेल्या डिस्कवर वरून लिहून पुसण्याचा भरवसा नाही, कारण ती डिस्क नवे लेखन आपल्या सोयीने दुसरीकडे नेते. तिच्यासाठी तिच्या उत्पादकाने दिलेली पुसण्याची आज्ञा वापरावी. आणि संगणक विकायचाच असेल तर डिस्क काढून घ्यावी. हजार-पाचशे कमी येतील, येऊ द्यावेत.

पैसे परत आले, पण सभासदांना सांगायचे राहिले होते. गुपचूप बसावे, असेही काहींचे मत पडले. तथापि ज्यांची नावे होती त्यांना कळलेच पाहिजे, असे ठरून सभा बोलावली. मी सारे सांगितले. मागच्या रांगेतून पॅकिंगमधल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "दादा, त्या पोराकडं होती ती कळली. मधी आणखी कुणाच्या हातात गेली, ते कसं कळायचं?" मजजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. त्या आठवड्यात सात जणांनी नावे काढून घेतली. मी त्यांना दोष देत नाही.

जुनी डिस्क त्या मुलाने परत केली होती. पुढच्या रविवारी एका सभासदाच्या वर्कशॉपमध्ये, सगळ्यांसमक्ष, ड्रिल लावून तिला आरपार भोके पाडली. हिरवे अक्षर कुठेच उमटले नाही. त्या बाईंनी तबकडी उचलून उजेडासमोर धरली, भोकांतून पलीकडे पाहिले आणि मग ती खाली ठेवली. सातांपैकी चौघे पुढे परत आले. तिघे अजून आलेले नाहीत.