रेसिडेन्सीच्या पायऱ्या

उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना कोठीच्या रेसिडेन्सीच्या आवाराजवळून आमचे नित्य जाणे-येणे होते. परंतु त्या वास्तूच्या पायऱ्यांचा विचार मनात आला तो वडिलांना पक्षाघात झाल्यानंतर. सुलतान बाजारात उभे आयुष्य काढलेल्या या इतिहासाच्या शिक्षकास जीर्णोद्धारानंतरची रेसिडेन्सी आतून पाहावयाची होती.

रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने १८०३ च्या सुमारास ही इमारत उभारावयास घेतली. आराखडा सॅम्युएल रसेल याचा. पुढे येथे महिला महाविद्यालय आले, आणि आज तेथे चाकली ऐलम्मा यांच्या नावाचे महिला विद्यापीठ आहे. दर्शनी बाजूस उंच स्तंभ, दोहो अंगांस सिंह आणि मध्ये विसाच्या वर पायऱ्या. येणाऱ्याने मान वर करून चढावे, हाच त्या रचनेचा हेतू.

"उचलून नेऊ की!" असे आपुलकीने सांगणारे पुष्कळ भेटतात. एका गडावर सेवकांनी वडिलांना खरोखरच काखेत हात घालून उचलले. पुढे आठवडाभर त्यांचा डावा खांदा ठणकत होता. वैद्यकबंधूंना कारण सांगावयास नको, इतरांसाठी लिहितो. अर्धांगवायूत खांद्याभोवतीचे स्नायू शिथिल पडतात, दंडाचे हाड खोबणीतून खाली ओघळते आणि अशा हाताला ओढ बसली की इजा होते. शिवाय चारचौघांत गाठोड्यासारखे उचलले जाण्याचा संकोच वेगळाच. त्यानंतर वर्षभर वडिलांनी कोठेही जाण्याचे नाव काढले नाही.

मग उतरण का बांधू नये? हिशेब करून पाहू. चाकाच्या खुर्चीसाठी उतरणीचे मान्य प्रमाण १:१२. पायरी सहा इंचांची धरली तर वीस पायऱ्यांची उंची दहा फूट. म्हणजे उतरण एकशे वीस फूट, मधले विसाव्याचे टप्पे निराळे. ती दर्शनी भागी बांधली तर सिंहच झाकले जातील! म्हणून अशा ठिकाणी बाजूचे वा मागचे दार, लहानसे उद्वाहन किंवा सुटी लाकडी उतरण यांचा विचार करावा लागतो. जे जोडावयाचे ते मूळ दगड-चुन्यास ओरखडा न पाडता पुढे काढता आले पाहिजे, हा जतनशास्त्राचा दंडक. २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले, तेव्हा दिल्लीच्या कुतुबमिनारासारख्या स्मारकांत लाकडी उतरणी बसविल्या गेल्या. म्हणजे मनात आणले तर जमते. मात्र त्यासाठी पाहुणा जगद्विख्यात असावा लागला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पाहुण्याच्या कीर्तीची ही अट उरली नाही. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा न राहता बंधनकारक असावेत असा निर्णय दिला. त्यामागील अहवाल आपल्याच हैदराबादच्या नलसार विधी विद्यापीठातील दिव्यांग अध्ययन केंद्राने तयार केला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

पायऱ्या हा सर्वांचाच अडसर नव्हे. दृष्टिहीनास पायऱ्या चढता येतात. त्याला हवी असते हाताने वाचता येईल अशी वास्तू. येथे रेसिडेन्सीचीच एक कथा आठवते. कर्कपॅट्रिकची पत्नी खैरुन्निसा पडद्यात राहणारी. तिला इमारतीची दर्शनी बाजू पाहता येईना, म्हणून त्याने जनान्याच्या बागेत तिची छोटी प्रतिकृती करविली, असे सांगतात. ती प्रतिकृती आवारात आजही आहे. पडदा असो वा अंधत्व, उपाय एकच निघावा याचे मला नवल वाटते. अशी प्रतिकृती प्रत्येक स्मारकापाशी, स्पर्शास मोकळी आणि कमरेएवढ्या उंचीवर असली तर किती बरे!

आपल्या संस्थेची वार्षिक सहल ठरण्यापूर्वी यंदा मी मोजपट्टी घेऊन आधी जाऊन येणार आहे. दाराची रुंदी, उंबरठा, स्वच्छतागृह असे टिपण मी केले होते. वडिलांनी उजव्या हाताने त्यात सर्वांत वर एक ओळ भरली : "टेकावयास बाक किती अंतरावर?"